केमो सुरू असताना लेकीला जवळ घ्यायचं का?

अबोली: स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, जखम भरलीय. पुढच्या आठवड्यात ‘एसी’ नावाची दोन औषधांची केमो सुरू होईल, दर 21 दिवसांनी, चार डोस. मुलगी चार वर्षांची आहे. सासूबाई म्हणतात तिला तोवर आजोळी ठेवू. मला ती घरीच हवीय. कुशीत घेऊन झोपले तर चालेल का? आणि तिला सांगू काय?

वॉर्डसिस्टर: ताई, घरीच ठेवा. मिठी मारणं, कुशीत झोपणं, सगळं चालतं. डोसनंतर 48 तास जपायचं ते लघवी, शौच आणि उलटीला. संडास एकच असेल तर झाकण लावून दोनदा फ्लश करा. उलटीचं भांडं हातमोजे घालून धुवायचं, खराब कपडे वेगळे. एसीतलं एक औषध लाल असतं, त्याने एक-दोन दिवस लघवी लालसर होते. लेकीला आधीच सांगा, नाहीतर रक्त समजून घाबरेल.

खरा धोका तिच्याकडून तुम्हाला. साधारण 7व्या ते 14व्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. शाळेतून आली की आधी हातपाय धुणं, कपडे बदलणं, मग मांडी. तिचं उष्टं खायचं नाही (आयांची ही सवय सुटता सुटत नाही, तरी सोडाच). तिला सर्दी झाली तर ती आजीजवळ झोपेल. तुम्हाला 100.4 फॅरनहाइट ताप आला, तर मध्यरात्रीसुद्धा हॉस्पिटल गाठा. पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघू नका. गोळीने ताप उतरतो, संसर्ग तसाच वाढतो.

लसटोचे: एक राहिलं. पल्स पोलिओचे थेंब जिवंत विषाणूचे असतात, तो मुलांच्या शौचातून काही आठवडे बाहेर पडतो. घरात केमो चालू असताना थेंब सहसा टाळतात, पोलिओचं इंजेक्शन चालतं. बूथवर नेण्याआधी तुमच्या आणि तिच्या, दोन्ही डॉक्टरांना विचारा.

खेळघर: आजाराचं नाव सांगा. नुसतं ‘आईला बरं नाही’ म्हटलं की पुढे स्वतःला ताप आला तरी मूल धास्तावतं. ‘कॅन्सर’ शब्द शेजारणीकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू दे. तिने काही केलं म्हणून हा झाला नाही, जवळ बसल्याने तो होत नाही, आणि शाळेतून आणायला कोण येणार, एवढं या वयाला पुरतं. मात्र तेच पुन्हा पुन्हा सांगावं लागेल. केस पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत जातात. त्याआधीच तिच्यासमोर बारीक कापून घ्या.

कालनिर्णयवर दोन रंग करा. डोसनंतरचा आठवडा निळा: पडून गोष्टी, चित्रं. तिसरा आठवडा बहुतेकींना बरा जातो, तो पिवळा: बाग, भातुकली. मुलांना ‘लवकरच’ कळत नाही, पिवळा चौकोन कळतो.

अबोली: ठरलं, घरीच. तिला कडेवर घेऊ का?

वॉर्डसिस्टर: ऑपरेशनच्या बाजूला नको, सर्जन हो म्हणेपर्यंत. खुर्चीत बसा, तिला स्वतः मांडीवर चढू द्या.