सुट्टीआधी पोरं काय शिकली म्हणे : कंदील, किल्ला आणि चादर

जुळे_सोलापूरची_आई
सहामाही संपली आणि मुलीच्या शाळेने पालकांच्या ग्रुपवर भलीमोठी पोस्ट टाकली, 'दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आमचे चिमुकले काय शिकले!' पहिलीने पणत्या रंगवल्या, दुसरीने घडीचा आकाशकंदील केला, तिसरीने 'आपला जिल्हा' प्रकल्प, चौथीने मातीचा किल्ला. 28 फोटो. खाली अंगठ्यांची रांग. मी अंगठा दिला नाही, कारण त्यातला तिसरीचा तक्ता रात्री साडेअकराला मी चिकटवलाय. लेक झोपली होती.
ज्या वहीचा फोटो नाही त्या वहीत लिहिलंय: 402 - 178 = 376. त्यावर लाल शाईची खूणसुद्धा नाही. सुट्टीआधी शिकवायचं ते हे की थर्माकोल?

गुरुजी_अक्कलकोट_तालुका
ताई, राग समजला. पण पेपर झाल्यावरचे तीन-चार दिवस म्हणजे काय ते आमच्याकडे येऊन बघा. द्विशिक्षकी शाळा, तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडे. पेपर तपासा, गुण ऑनलाइन भरा, पोषण आहाराची नोंद करा, आणि समोर पोरं फटाक्यांच्या गप्पांत. त्या वेळी कंदील हाच अभ्यास. चौकोनी कागद दुमडला की अर्धा, पुन्हा दुमडला की पाव. तिसरीला तेच तर आहे.
तुमच्या लेकीचं 376 आळसातून आलेलं नाही. तिने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय. 8 मधून 2, 7 मधून 0, 4 मधून 1. दशकाच्या घरात शून्य आलं की उसनं घ्यायला थेट शतक फोडावं लागतं, तिथे निम्मा वर्ग अडकतो. काड्यांचे गठ्ठे द्या. शंभराचा गठ्ठा सोडून दहाचे दहा करायचे, मग त्यातला एक सोडायचा. दोन दिवसांत येईल.

जुळे_सोलापूरची_आई
म्हणजे शिकवायचं मीच. धन्यवाद. आणि कंदील करताना 'पाव' हा शब्द वर्गात कुणी उच्चारला का? मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, "बाई म्हणाल्या, कडा नीट जुळवा."

नवी_पेठेतला_जुना_गडी
आम्हाला दिवाळीत रोज एक पान शुद्धलेखन, तीसपर्यंत पाढे आणि वर पावकी, निमकी, दीडकी. किल्ला संध्याकाळी, तोही अभ्यास झाल्यावर. आता किल्ला हाच अभ्यास!

कंदीलवाली_मावशी
काका, दीडकी पाठ असूनही भाजीवालीशी हिशोबाला तुम्ही काकूंनाच पुढे करत असणार.

नवी_पेठेतला_जुना_गडी
वैयक्तिक येऊ नका.

मागवाला_साखर_पेठ
मूळ पोस्टमधल्या 'आपला जिल्हा' तक्त्याचा फोटो झूम करून बघितला. लिहिलंय, 'सोलापुरात घरोघरी चादरी विणतात.' काय सांगलालाव? कुणाच्या घरी? आमच्या गल्लीत खटखट चालते ती बहुतेक टॉवेलची. चादरीचे माग बोटावर मोजा. पोरांना तीस वर्षांपूर्वीचं सोलापूर शिकवलालेत.

कोथरूडकर_मूळ_सोलापूर
तरी ओळख चादरीचीच राहणार. जगात कुणी 'सोलापुरी टॉवेल' म्हणतं का? मुलांना आपल्या गावाचा अभिमान वाटला पाहिजे.

मागवाला_साखर_पेठ
टॉवेललाही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे साहेब, चादरीसारखंच. तुम्ही कोथरूडात सोलापुरी म्हणून घेतलेली चादर सोलापूरची आहे का ते आधी उलटून बघा. अस्सल चादरीची नक्षी दोन्ही अंगाला दिसते, एकीकडचा रंग दुसरीकडे उलटा. एकाच अंगावर छापलेला मोर असला तर ती आमची नाही.

कोथरूडकर_मूळ_सोलापूर
मी चादरीतच वाढलोय, मला शिकवू नका. आजोबा जुन्या गिरणीत होते. 1877 ची गिरणी. भोंगा झाला की आजी भाकरी टाकायची. तो अभिमान टॉवेलमध्ये नाही, सॉरी.

मागवाला_साखर_पेठ
गिरणीत आजोबा होते, मागावर मी आहे. आज. आत्ता. अभिमान तुम्ही करा, वीजबिल मी भरतो.

कंदीलवाली_मावशी
अहो, धागा तिसरीच्या वजाबाकीचा होता ना?

मागवाला_साखर_पेठ
त्याचंच सांगतोय. टॉवेलला दोन बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेले रूळ, लागतात. एक ताणलेला, तळाच्या धाग्यांचा. दुसरा सैल. बाण्याचे, म्हणजे आडवे, दोन धागे पडतात ते थोडे मागेच ठेवायचे, तिसरा पडला की फणी पूर्ण ठोकायची. तिन्ही धागे पुढे सरकतात आणि सैल धाग्याचा फुगा उभा राहतो. तोच टॉवेलचा मऊपणा. जॅकार्डचं पत्र्यासारखं कार्ड असतं, त्यात भोक असलं तर धागा वर, नसलं तर खाली. नक्षी त्यातून येते. तिसरीच्या पोराला हे दहा मिनिटांत कळतं, माझ्या भाच्याला कळलंय. ते सोडून थर्माकोलवर बाजारातल्या चादरीचा तुकडा चिकटवायचा. आमच्या भाच्याकडून तुकडे न्यायला चार पालक आले होते. बाई मात्र एकदाही आल्या नाहीत.

गुरुजी_अक्कलकोट_तालुका
बाई कशा येतील? चाळीस पोरं रस्त्याने न्यायची तर प्रत्येक पालकाची लेखी संमती, वर मुख्याध्यापकांची परवानगी. काही झालं तर पहिला फोन कुणाला? मुलांना बाहेर न्या, पाढे घ्या, फोटो टाका, न टाकले तर 'शाळेत काहीच होत नाही'. कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस शिकवायचं लिहिलंय. त्यातले माझे किती दिवस निवडणुकीच्या याद्यांत गेले ते विचारूच नका. प्रत्येकाला वाटतं, मास्तर सुट्टीवरच असतो.

नवी_पेठेतला_जुना_गडी
आहेच की. दिवाळीची सुट्टी, उन्हाळी सुट्टी, वर आमच्या गड्ड्याच्या जत्रेची.

गुरुजी_अक्कलकोट_तालुका
काका, या एकदा पेपर तपासायला. चहा देतो.

नवी_पेठेतला_जुना_गडी
पेपरचं सोडा. तिसरीच्या कुठल्याही पोराला थांबवून चौकातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांची चार नावं विचारा. एकाला आली तर मी हा ग्रुप सोडतो.

जुळे_सोलापूरची_आई
सोडा मग. आत्ता विचारलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931, येरवड्यात फाशी. वर 'मार्शल लॉ' पण म्हणाली. गेल्या जानेवारीत, दुसरीत असताना, तेव्हाच्या बाईंनी पोरांना चालत चौकात नेलं होतं, पुतळ्यांखाली उभं करून सांगितलं होतं. तेवढं मात्र शाळेचं मान्य करते. नाइलाजाने.

नवी_पेठेतला_जुना_गडी
अपवाद असतात. ग्रुप सोडत नाही.

कंदीलवाली_मावशी
चौथीच्या किल्ल्याला मात्र नावं ठेवू नका. इतिहासाला अख्खं पुस्तक शिवछत्रपतींचं आहे. युनेस्कोच्या यादीत 2025 ला बारा किल्ले गेले, तेव्हा नातवाने मला विचारलं, जिंजी तमिळनाडूत कशी काय? मला सांगता येईना, त्यानेच सांगितलं. आणि किल्ल्यावर हळीव पेरले की चार दिवसांत कोंब. रोज सकाळी पट्टी घेऊन मोजतो. हा अभ्यास नाही तर काय?

जुळे_सोलापूरची_आई
पट्टी घेऊन मोजत असेल तर आहे. आमच्या शाळेत किल्ला आणला तो तयार, प्लास्टरचा, मावळ्यांसकट. आणि सगळ्यांचे किल्ले डोंगरी. घरापासून चार किलोमीटरवर भुईकोट आहे, खंदकासकट, तो एकाही पोराने केला नाही.

कोथरूडकर_मूळ_सोलापूर
भुईकोटाला डोंगर नसतो म्हणून फोटोत चांगला दिसत नाही.
बरं, आत्ता चादर उलटून बघितली. मोर एकाच बाजूला आहे. कुणी काही बोलू नका.

मागवाला_साखर_पेठ
😄
ताई, लेकीला घेऊन या माग बघायला. धनत्रयोदशीच्या आत या, नंतर कामगार गावाला जातात, माग बंद.

जुळे_सोलापूरची_आई
येते. पण वजाबाकीचं काय? गुरुजींच्या काड्या दोन दिवस झाले वापरतेय. 402 जमलं. 500 - 263 ला पुन्हा 363.

मागवाला_साखर_पेठ
आमच्याकडे हिशोब डझनावर. चाळीस डझन उतरले, त्यात सात नग सेकंड, म्हणजे खोट असलेले, निघाले, चांगले किती? चाळीसातला एक डझन सोडल्याशिवाय सात काढताच येत नाहीत. पोरीला पुढ्यात बसवून गठ्ठा सोडायला लावतो. तेवढा बाराचा पाढा करून आणा.

जुळे_सोलापूरची_आई
बाराचा येत नाही. दहापर्यंतच झालेत.

नवी_पेठेतला_जुना_गडी
मी काही बोललो का?