किमान वेतन: कारखान्याची हद्द आणि खोलीचं भाडं

सिअ‍ॅटलहून:
काका, नमस्कार. दिवाळीच्या हॉलचा हिशेब करताना सफाईवाल्या बाईंच्या पगाराचा विषय निघाला आणि तुमची आठवण झाली. सिअ‍ॅटलने २०१४ मध्ये तासाला १५ डॉलर किमान वेतनाचा कायदा केला, टप्प्याटप्प्याने दर वाढवत नेला; २०२५ मध्ये तो २०.७६ डॉलर झाला. अख्ख्या अमेरिकेसाठीचा दर २००९ पासून ७.२५ डॉलरवरच अडकलाय. शहर महाग म्हणून शहराचा दर वेगळा. आपल्या नाशकात असं का होत नाही?

नाशिकहून:
अगं, वेगळे दर आपल्याकडेही आहेत. राज्य सरकार उद्योगवार परिमंडळं पाडून मूळ दर ठरवतं, वर दर सहा महिन्यांनी महागाईप्रमाणे विशेष भत्ता बदलतो. घोळ पुढेच आहे. कारखाना महापालिकेच्या हद्दीत आहे की नगरपरिषदेच्या की खेड्यात, एवढंच बहुतेक ठिकाणी बघतात. कामगार भाडं कुठे भरतो, हे कोणी विचारत नाही.

सिडकोत आमच्या घरामागच्या खोलीत दोघे भाऊ राहतात. धाकटा महापालिका हद्दीतल्या अंबड एमआयडीसीत, पायी जातो. थोरला हद्दीबाहेर, सिन्नरजवळ माळेगाव एमआयडीसीत ठेकेदाराकडे. पहाटे साडेपाचला डबा घेऊन निघतो, द्वारका चौकातून पुढे गाडी पकडतो. सिन्नरला राहायला जावं तर बायकोची धुण्याभांड्याची कामं इथली, पोराची शाळा इथली. परवा दोघांच्या पगाराच्या स्लिपा ओट्यावर शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. काम सारखंच, छप्पर एक, भाडं एक, आणि थोरल्याचा मूळ दरच कमी! वर गाडीभाडं त्याच्याच खिशातून.

भाड्याचा हिशेब तर आणखी अजब. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने ठरवलं, किमान वेतन काढताना कुटुंबाचं अन्न, वर्षाचं ७२ यार्ड कापड आणि घरभाडं धरायचं, शिवाय इंधन-दिवाबत्ती वगैरेंसाठी वेतनाच्या २० टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचं शिक्षण, औषधपाणी यांसाठी २५ टक्के जोडायला सांगितले. पुढे २०१९ च्या वेतन संहितेखाली, म्हणजे पगाराच्या नव्या कायद्याखाली, केंद्राने जो नियमांचा मसुदा काढला, त्यात भाडं किती? अन्न-कापडाच्या खर्चाच्या १० टक्के! म्हणजे किराणा-कपड्याला बारा हजार लागले तर भाडं बाराशे. सिडकोत बाराशेत खोली दाखव मला. मी स्वतः साडेचार हजार घेतो, आणि शेजारी म्हणतात फार कमी घेता.

न्यू जर्सीहून:
काका, माझ्या मोठ्या भावाचं सातपूरला लेथचं छोटं वर्कशॉप आहे, आठ माणसं. मोठ्या कंपन्या जॉबवर्कचा, म्हणजे त्याच्याकडून करून घेतलेल्या कामाचा, रेट वाढवत नाहीत आणि पैसे तीन-तीन महिने थांबवतात. पगार वाढवायला त्याची ना नाही, पण आणायचे कुठून?

नाशिकहून:
तुझ्या भावाची अडचण खरी आहे. सिअ‍ॅटलनेही आधी मोठ्या कंपन्यांना १५ डॉलर लावले, छोट्यांना जास्त वर्षं दिली; तसं इथेही करावं. पण त्याची तूट कामगाराच्या घरभाड्यातून भरून निघू नये. मोठ्या कंपनीने जॉबवर्कच्या रेटमध्ये ती धरली पाहिजे.

दरांचा मसुदा राजपत्रात आला की हरकती द्यायला किमान दोन महिने मिळतात. दोघा भावांच्या स्लिपा, नावं झाकून, आणि माझ्याच सहीची भाडेपावती जोडून मी अर्ज लिहून ठेवलाय. तुझ्या भावाने जॉबवर्कची बिलं दिली तर तीही जोडतो.