नवी पिकअप आणि नर्मदा परिक्रमा: आई-आबांना कसं न्यायचं?

केळीबाग_फैजपूर

राम राम मंडळी. दसऱ्याला नवी पिकअप घरी आली. डिझेल, १३०० किलो माल घेणारी. घेतली केळीच्या कामासाठी, पण आबांनी गाडीला हार घालतानाच सांगितलं, पहिली फेरी नर्मदामाईची. कार्तिकी एकादशी झाली की ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलायची आहे. जाताना सावदा, रावेर, बऱ्हाणपूर, असीरगड, खंडवा. पुढे सनावद, खरगोन, बडवानी, खेतिया, शहादा, प्रकाशा, अक्कलकुवा, सागबारा, राजपिपला, अंकलेश्वर आणि मग उत्तर तट धरून अमरकंटक.

अडचण अशी की केबिनमध्ये मी आणि दुसरा एक, एवढीच जागा. आई आणि आबा दोघांनाही यायचं आहे. हौद्यात गादी टाकून वर ताडपत्रीची कमान केली की एक माणूस आरामात झोपून जाईल, असं गल्लीतले सगळे सांगतात. माझं मन धजत नाही. शिवाय गाडी रिकामी असली की फार उडते, आबांना कंबरेचा त्रास आहे. एवढी कोरी गाडी लगेच इतक्या लांब काढावी का? परमिटचंही कोणी नीट सांगेल का?

तापीकाठ_शहादा

भाऊ, गाडी खुशाल काढा. पण हौद्यात माणूस बसवायचा नाही. आईला नाही, आबांना नाही, अर्ध्या तासासाठीसुद्धा नाही.

मी पिकअप घेऊनच परिक्रमा केली आहे, म्हणून कळकळीने लिहितो. हौद्यात पकडायला काही नसतं, पट्टा नसतो. पुढे गुरं आडवी आली आणि ब्रेक दाबला, की मागचा माणूस गादीसकट पुढच्या पत्र्यावर आदळतो, आणि केबिनमध्ये बसलेल्या तुम्हाला ते कळतही नाही. मालवाहू गाडीत फुकट नेलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगून ठेवलं आहे. गल्लीतले लोक तेव्हा तुमच्या दारात उभे राहणार नाहीत.

त्यापेक्षा नात्यातली एखादी मोठी गाडी सोबत घ्या. माणसं तिच्यात, आणि पिकअपवर शिधा, भांडी, अंथरूण-पांघरूण. आमच्याकडचे बरेच जथे असेच जातात. आश्रमात कुठे जेवण मिळतं, कुठे सदावर्त, म्हणजे कोरडा शिधा, घेऊन स्वतः रांधावं लागतं; तेव्हा ही गाडीच सगळ्यांचं घर होते. आई-आबा आलटून पालटून तुमच्या शेजारी बसतील.

परमिट: आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, गाडीचं भारासहित एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही. आरसी उघडून आकडा बघाच. मध्य प्रदेश आणि गुजरातच्या कराचं मात्र जळगावच्या आरटीओत विचारून घ्या. लायसन्स साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, असलं तरी चालतं. ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीबद्दल तसा निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये आला आहे.

नदी १३१२ किलोमीटरची. दोन्ही तट आणि वळणावळणाचे रस्ते धरले तर तीन हजारांच्या वर जातं. पंधरा-वीस दिवस हाताशी ठेवा. माई कायम उजव्या हाताला, पूल ओलांडायचा नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणून नर्मदा समुद्राला मिळते तिथे, हांसोटजवळच्या कतपोरहून, बाकीचे नावेने पलीकडच्या मिठी तलाईला जातील. तुम्हाला गाडी घेऊन अंकलेश्वर-भरूचच्या पुलावरून फिरून यावं लागेल. नाव भरती बघूनच सुटते, तेव्हा आई-आबांजवळ पाणी, औषधं आणि एक शाल वेगळ्या पिशवीत द्या. सगळं सामान गाडीत राहतं आणि म्हातारी माणसं वाऱ्यात बसून राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पाना_भुसावळ

उडण्याबद्दल मी सांगतो, गॅरेजवाला आहे. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, १३०० किलो पेलायला बांधलेले, रिकाम्या गाडीत ते दबतच नाहीत. दोन-अडीचशे किलो सामान टाका, गाडी लगेच बसते. पण टाकायचं कुठे? केबिनच्या पाठीला लागून, मागच्या चाकांच्या पुढे, जड वस्तू तळाला. तांदूळ-पिठाची पोती मागच्या फाळक्याकडे ठेवली तर पुढची बाजू हलकी होते आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. सिलिंडर उभा, रेग्युलेटर काढून, दोराने कडीला बांधलेला.

हवेचा आकडा रिकाम्या गाडीला वेगळा, भरलेल्या गाडीला वेगळा. स्टिकरवर किंवा पुस्तकात असतो. केळी भरताना मारलेली हवा तशीच ठेवली तर आबांची कंबर दुखणारच. सकाळी टायर थंड असताना तपासा.

कोरी आहे म्हणून घाबरू नका. पहिली सर्व्हिस निघायच्या आधी करून घ्या आणि चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या. सुरुवातीच्या हजार किलोमीटरमध्ये एकाच वेगावर तासन्तास ओढायची नाही, वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरू द्यायचं नाही. ते हजार किलोमीटर जळगाव-बऱ्हाणपूर करत इथेच पूर्ण करा. घाटात ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकतात, ते अजिबात नको.

केळीबाग_फैजपूर

दोघांचे मनापासून आभार. तुमचं लिहिलेलं आबांना वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प बसले, मग स्वतःच निंभोऱ्याच्या मामांना फोन लावला. मामांची सात जणांची गाडी आहे, मामीलाही यायचंच होतं. आईने आत्ताच बिबड्या आणि कळण्याचं पीठ मोजायला घेतलंय. आरसी बघितली, वजन ३००० च्या आत आहे. सोमवारी आरटीओत जातो. थंडीचं काय? अमरकंटकला किती पांघरूण लागेल?

तापीकाठ_शहादा

अमरकंटक हजार मीटरच्या वर आहे, रात्री चांगलंच गारठतं. माणशी दोन रग धरा, आणि ताडपत्रीखाली वेगळा प्लास्टिकचा कागद, नाहीतर दवाने सगळं ओलं होतं. सकाळी धुकं असलं तर ऊन पडेपर्यंत निघू नका.

आणि खेतियाकडून शहाद्यात याल ते दिवस मावळायच्या आत या. तेव्हा साखर कारखाने सुरू झालेले असतील, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, कित्येकांना मागे लाल दिवाच नसतो. प्रकाशाला मुक्काम ठरला की इथे लिहा, मी घाटावर येतो.