चर्चा: फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा, चहाची पन्नी आणि घरातल्या बाया

पऱ्हाटीवाली (यवतमाळ जिल्हा)
२०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली, तेव्हापासून मास्क आणि हातमोजे हे शब्द तरी घरोघरी पोचले. पण चक्कर नाही, उलटी नाही, म्हणजे काही झालंच नाही असं आपण धरून चालतो. माझा मुद्दा तिथंच आहे. हार्मोन रक्तात अगदी नगण्य असतात, तरी पाळी, गर्भ, लेकरांची वाढ, थायरॉइड सगळं त्यांच्यावर चालतं. काही रसायनं त्यांच्या जागी जाऊन बसतात, काही त्यांची वाट अडवतात. एन्डोसल्फान हे कीटकनाशक त्यातलंच. कापसावर बदाबदा मारलं आपण. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं बंदी घातली तेव्हा सुटलो.

आता घरात बघा. औषधाचा पाच लिटरचा डबा राखेनं घासून न्हाणीत पाण्याला ठेवलेला. हँडलच्या खाचेत लेबलाचा चिकट तुकडा तसाच. फवारणीचा शर्ट लेकरांच्या कपड्यांसोबत एकाच बादलीत. पंप धान्याच्या कोठीला टेकवलेला. निंदणाच्या बायांसाठी उकळता चहा प्लास्टिकच्या पन्नीत बांधून वावरात. हे सगळं बंद झालं पाहिजे. घरात गर्भार बाई असेल तर आजच.

कास्तकार_वर्धा
ताई, डबा आणि कपडे शंभर टक्के मान्य. पन्नी नाही. पन्नी पॉलिथिनची, प्लास्टिकमधलं जे रसायन हार्मोन बिघडवतं म्हणतात ते बिस्फेनॉल-ए त्यात नसतं. ते पॉलिकार्बोनेटच्या कडक जारमध्ये असतं, डबाबंद अन्नाच्या आतल्या लेपात असतं. पोटात गेलं तरी बहुतेक दिवसभरात लघवीवाटे निघून जातं. अमेरिकेचं अन्न-औषध प्रशासन अन्नातल्या सध्याच्या प्रमाणाला सुरक्षितच म्हणतं. थायरॉइडच्या पेशंट वाढल्या म्हणता, तर तपासण्याही वाढल्यात. आपल्या बायांच्या अंगात आधीच रक्त कमी. त्यात ही नवी भीती कशाला?

पऱ्हाटीवाली
भाऊ, पेशंट वाढल्या असं मी लिहिलेलंच नाही. पन्नी पॉलिथिनची, ठीक. पण आपल्याकडची काळी पातळ पन्नी काय वितळवून केली आणि त्यात काय मिसळलं, हे दुकानदारालाही माहीत नसते. दिवसात निघून जातं खरं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच चहा ना? आणि अमेरिकेचं सांगितलं तर युरोपचंही सांगा. त्यांच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये बिस्फेनॉल-एची रोजची मर्यादा २०,००० पटींनी खाली आणली.

कास्तकार_वर्धा
जर्मनीच्या सरकारी संस्थेनं त्याच वर्षी ती मर्यादा मान्य नाही म्हणून सांगितलं. शास्त्रज्ञांचंच एकमत नाही.

आशाताई
मी घरोघरी फिरते. भीती घालायची नाही, हे भाऊंचं पटते. पण गर्भाच्या पहिल्या महिन्यांत मेंदू बनत असतो, आणि तेव्हा लेकरू आईच्याच थायरॉइडवर अवलंबून असते. त्या दिवसांत बाई औषधाचं पाणी कालवत असेल तर मी गप्प बसू? तिला मी दोनच गोष्टी सांगते: फवारणीपासून लांब राहा, आणि आयोडीनचंच मीठ खा. पन्नीवर मी वेळ घालवत नाही. आणि लग्नातले पाण्याचे जार बेचाळीस-पंचेचाळीस अंशांत मांडवाबाहेर उन्हात रचलेले असतात, त्यावर कुणीच बोलत नाही.

निंदणवाली
सगळे घरातल्या बाईलाच सांगू राहिले. डबा फेकू कुठं? गावात कचऱ्याची गाडी येत नाही. दुकानदार परत घेत नाही. जाळला तर धूर आपल्याच नाकात. स्टीलच्या डब्याला एका दिवसाची मजुरी जाते. आणि चहा पन्नीत मालक पाठवते, आम्ही नाही मागत. पुढच्या वेळी किटलीत पाठवा म्हणा त्याले.

कास्तकार_वर्धा
हे खरं. कीटकनाशक नियम १९७१ चे आहेत. डबे फोडून वस्तीपासून दूर पुरा, असं त्यात लिहिलंय. कुणी पुरत नाही. विकणाऱ्यानंच परत घ्यावेत, असा ग्रामसभेत ठराव घ्या. आमच्या गावात मी मांडतो. पण हार्मोनचा विषय त्यात घालू नका. सिद्ध झाल्यावर बोलू.

पऱ्हाटीवाली
भाऊ, मी घालणार. ‘धोका असू शकतो’ एवढंच लिहीन, पण लिहीन. सिद्ध होईपर्यंत पोटातलं लेकरू थांबत नाही. आणि किटली मी उद्यापासून पाठवते, आमच्याही वावरात पन्नीच जात होती.