अनुभव धागा: साडेदहाची मालिका तुमच्याकडे कोण कोण बघतं?

परवाच्या गुरुवारी टीआरपीचे आकडे आले आणि आपली मालिका पुन्हा तळाला. हार ताजा असला तरच बोलणारे फोटोतले अप्पा आणि लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून देणारी आत्या, एवढं म्हटलं की बघणाऱ्याला ओळख पटते. बाकीच्यांना सांगूनही कळत नाही, हा अनुभव सगळ्यांनाच असेल.

आधी ती साडेआठला होती. मग साडेनऊला गेली, आता साडेदहाला. आई म्हणाली, "माणूस घरात नकोसा झाला की आधी त्याची खाट पडवीत काढतात." तेव्हापासून मला झोप नाही. आमच्या भागात पाणी बंद असलं तर गुरुवारीच असतं. आता गुरुवार म्हटलं की बादल्यांच्या आधी टीआरपी आठवतो.

थोडं वाचून घेतलं. टीव्ही कोण किती बघतं याची मोजणी बार्क ही संस्था करते. शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरतात आणि त्याचे आकडे पुढच्या गुरुवारी येतात. २०२० च्या अंदाजाने देशात टीव्ही असलेली घरं २१ कोटी, आणि काय बघितलं ते टिपणारं मीटर बसवलेली घरं ५५ हजारांच्या आसपास. म्हणजे साधारण चार हजार घरांमागे एक. पुण्यातल्या आमच्या डहाणूकर कॉलनीत अशी किती घरं असतील याचा विचार करत मी गॅलरीत उभी होते. समोरच्या इमारतीत तीन खिडक्यांतून आपल्याच मालिकेतल्या पेटीचे सूर ऐकू येत होते. ती तीन घरं कुठेच धरलेली नाहीत.

म्हणून हा धागा. वर आपल्या पेठेचं किंवा वस्तीचं नाव टाका आणि तुमच्याकडे कोण बघतं, कुठे बसून, कसं, ते लिहा. एक ओळही चालेल. तक्रारही लिहा. सगळं एकत्र करून वाहिनीला आणि निर्मात्यांना पाठवणार आहे.

नारायण पेठ

आमच्याकडे आजी. वय ८६. आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्या फोटोला इतकी वर्षं चंदनाच्या सालींचा हार होता, एकदा घातला की बघायला नको असा. मग तो भाग लागला, ज्यात अप्पा तीन दिवस बोलत नाहीत, आत्या घाबरते, आणि शेवटी तिच्या लक्षात येतं की सुनेने सोयीसाठी प्लॅस्टिकचा हार घातलाय. आजी त्या रात्री काही बोलली नाही. सकाळी मला म्हणाली, "मंडईत जाशील तेव्हा मोगरा आण, ओवलेला नको, सुटा."

आता रोज संध्याकाळी ती स्वतः ओवते. सुईत दोरा मी घालून देते, कारण तिला दिसत नाही. गाठ मात्र तीच मारते. सव्वादहाला हार घालून होतो, मग ती खुर्ची थोडी डावीकडे सरकवून घेते. पहिल्यांदा मला कळलं नाही कशासाठी. फोटो टीव्हीच्या समोरच्या भिंतीवर आहे आणि खुर्ची मध्ये येत होती.

मालिका बंद झाली तर मी तिला काय सांगू हे मला खरंच कळत नाही.

पिंपरी

आम्ही चौघं. सासरे, मी, नवरा, मुलगी. रोज. एकही भाग चुकलेला नाही.

हडपसर

मी परिचारिका आहे, महिन्यातून दहा-बारा रात्रपाळ्या असतात. मालिका दुसऱ्या दिवशी बसमध्ये मोबाइलवर बघते. आपण बघतोय म्हणजे आकड्यात भर पडत असणार असं मला इतके दिवस वाटत होतं. ताई, तुमचा धागा वाचून भावाला विचारलं. तो म्हणाला, मीटर टीव्हीला जोडलेलं असतं, तुझ्या मोबाइलचं त्याला काय कळणार. फार वाईट वाटलं. रात्रपाळीवाले, दुकानं उशिरा बंद करणारे, बाहेरगावी शिकणारी मुलं, अशा किती जणांना साडेदहाला घरच्या टीव्हीसमोर बसायला मिळतं? वेळ बदलली तेव्हा सगळ्यात आधी आम्हीच गळलो.

कॅम्प

मी बरीच वर्षं जाहिरातींच्या वेळा विकत घेण्याचं काम केलं, म्हणून दोन-तीन गोष्टी सांगतो.

एक, मीटर असलेल्या घरात प्रत्येक माणसाचं वेगळं बटण असतं. बघायला बसताना ते दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, त्यावरून मीटरला वाहिनी कळते. रेटिंगमध्ये किती जणांनी बघितलं याबरोबर किती मिनिटं बघितलं हेही येतं. अर्ध्या तासाच्या मालिकेत पाच मिनिटं डोकावून गेलेला माणूस पूर्ण माणूस धरला जात नाही. आपली मालिका संथ आहे, सुरुवातीला काही घडत नाही, आणि नवा माणूस पहिल्या पाच मिनिटांतच निघून जातो. आकडा तिथे पडतो.

दोन, जाहिरातीचा दर दहा सेकंदांवर ठरतो, आणि घेणारा माणूस एका रेटिंग पॉइंटला, म्हणजे ठरवलेल्या प्रेक्षकांपैकी एक टक्का लोकांना, किती पैसे पडले एवढंच बघतो. मी स्वतः आवडत्या कार्यक्रमांच्या जाहिराती याच हिशोबाने काढून घेतल्या आहेत. त्याची खंत आजही आहे.

तीन, आणि हे कळकळीने सांगतो. मीटर कुणाकडे आहे ते शोधायला जाऊ नका. ती घरं गुप्त ठेवलेली असतात. घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिनी लावायला सांगितल्याच्या आरोपावरून २०२० च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी तपास सुरू केला, तेव्हा वृत्तवाहिन्यांची रेटिंग थांबली ती २०२२ च्या मार्चपर्यंत. आपल्या आत्याला असल्या मार्गाने वाचवायचं नाही. आणि मीटर नसलेल्या घरात टीव्ही रात्रभर चालू ठेवला तरी आकडा हलत नाही, विजेचं बिल तेवढं वाढतं.

पत्रं लिहा. मालिकेत ज्यांच्या जाहिराती लागतात त्यांनाही लिहा. आकड्यामागे कोण बसलंय हे त्यांना कुणी सांगतच नाही.

सदाशिव पेठ

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, गाव नांदेडकडे. खोलीत टीव्ही नाही. मेस दहाला बंद होते, पण काकू शटर अर्धं खाली ओढून आम्हाला बसू देतात. काकू स्वतः कणकेची परात धुता धुता बघतात. आम्ही अकरा जण. म्हणजे एका टीव्हीवर बारा.

आत्याला एका मुलाचं हरवलेलं प्रवेशपत्र सापडतं, तो भाग आठवतोय? ती ते लगेच देत नाही. "आधी जेव, मग देते," म्हणते. त्याच दिवशी आमचा पूर्व परीक्षेचा निकाल लागला होता आणि आमच्यातला एक जण तीन मार्कांनी राहिला होता. दुपारपासून तो खोलीबाहेर आला नव्हता, त्याला ओढत आणला होता. आत्या ते वाक्य बोलली तेव्हा मेसमध्ये कुणी कुणाकडे बघितलं नाही. काकू उठल्या, तवा पुन्हा पेटवला आणि न विचारता त्याच्यासमोर ताट ठेवलं. दोन पोळ्या, वांग्याची भाजी. तो जेवला.

पुढच्या महिन्यात त्याने पुन्हा अर्ज भरला. हे कुठल्या मीटरमध्ये बसवायचं ते वाहिनीने सांगावं.

औंध

२००७ साली मी अमेरिकेत होतो. तिथे सीबीएसने 'जेरिको' ही मालिका बंद केली. शेवटच्या भागात नायक शत्रूला 'नट्स' (शब्दशः 'दाणे') म्हणतो, तेवढा धागा पकडून प्रेक्षकांनी वाहिनीच्या कार्यालयात शेंगदाणे पाठवायला सुरुवात केली. २० टनांच्या आसपास शेंगदाणे गेले. वाहिनीने आणखी सात भाग दिले. त्यानंतर ती बंदच झाली, हेही सांगायला हवं. पण ते सात भाग मिळाले.

आपल्याकडची 'साराभाई वर्सेस साराभाई' २००४ ते २००६ स्टार वनवर होती. तेव्हा टीआरपी बेताचाच होता. आज तिचे संवाद तोंडपाठ असणारे घरोघरी आहेत, आणि २०१७ मध्ये हॉटस्टारवर तिचं दुसरं पर्व निघालं. तोपर्यंत मधे अकरा वर्षं गेली. नारायण पेठेतल्या आजींना अकरा वर्षं थांबा म्हणता येणार नाही, म्हणून आत्ताच काहीतरी करू.

माझं सुचवणं पोस्टकार्ड. ५० पैशांना मिळतं. ईमेल वाचला जातो की नाही कळत नाही, पण पोस्टमनने टेबलावर ठेवलेला गठ्ठा कुणालातरी उचलावाच लागतो.

वारजे

मला मालिका फार आवडते, म्हणूनच लिहिते. गेले दोन महिने ती आपली राहिलेली नाही. पूर्वी आत्या चार मिनिटं नुसते तांदूळ निवडायची आणि आम्ही डोळे लावून बघायचो. आता जावेचं कारस्थान आलंय, दागिन्यांची चोरी आलीय, प्रत्येक चेहऱ्यावर तीन वेळा कॅमेरा जातोय. आकडा पडला म्हणून घाबरून हे केलं असणार. पण असली भांडणं बघायची असली तर ती इतर ठिकाणी भरपूर आहेत, त्यासाठी साडेदहापर्यंत जागायला कुणी येणार नाही. आणि आमच्यासारखे मात्र दुखावले जातात. पत्रात हे स्पष्ट लिहा: मालिका चालू ठेवा आणि तिची ती राहू द्या. दोन्ही.

डहाणूकर कॉलनी, धागा काढणारी

वारजेच्या ताईंशी पूर्ण सहमत, त्यांचा मजकूर जसाच्या तसा पत्रात घालते. पोस्टकार्डंही ठरली. मी काल ५० आणली, आईने सोसायटीत वाटली, संध्याकाळपर्यंत ३१ भरून परत आली. सदाशिव पेठेतल्या भावा, तुम्हा बाराजणांची मी मेसवर आणून देईन. हडपसरच्या ताई, तुम्ही मोबाइलवर बघता हेच ठळक लिहा.

नारायण पेठ

आजीने कार्ड स्वतः लिहिलं. हात कापतो म्हणून दोन कार्डं वाया गेली, तिसऱ्यावर झालं. पत्ता मी घातला. तिने लिहिलंय ते असं: "अप्पांना बोलू द्यावे. आमच्याकडे हार रोज ताजा असतो. साडेदहाला लावा की साडेअकराला, आम्ही दोघे जागे असतो."