घरात दिव्याखाली लावलेल्या टोमॅटोची उंची कशी आवरावी?

प्रश्न:
आम्ही जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरची रोपे दरवर्षी होरपळतात, म्हणून यंदा आतल्या खोलीत चार फुटी मांडणीवर चेरी टोमॅटो लावले. एलईडी नळ्या मांडणीच्या माथ्याला पक्क्या बांधल्या असून त्या रोज 16 तास चालू असतात. रोपे आता नळ्यांना टेकली आहेत, दोन पेरांतले अंतर चार बोटांहून अधिक झाले आहे आणि खोड काठीवाचून उभे राहत नाही. शेंडा खुडावा का?

उत्तर 1:
खुडावा, पण वाण पाहून. चेरी टोमॅटोचे बहुतेक वाण अमर्याद वाढीचे असतात; अशा रोपाच्या सर्वांत वरच्या फुलघोसापुढे दोन पाने राखून शेंडा काढला, तर उंची थांबते. त्यानंतर बगलफूट जोमाने येते, तीही दर आठवड्याला काढावी लागते. मर्यादित वाढीच्या वाणाचा शेंडा मात्र खुडू नये, कारण ते रोप आपणहून थांबते आणि खुडल्याने फळेच कमी होतात.

उत्तर 2:
शेंडा खुडल्याने आजची अडचण सुटेल, परंतु मूळ कारण दिव्यांच्या अंतरात आहे. रोपे लहान असताना नळ्या त्यांच्यापासून तीन फुटांहून दूर होत्या. कमी प्रकाशात रोप उजेडाकडे धावते आणि त्यात सोलापूरच्या उन्हाळ्यात रात्रीही खोली तापलेली राहिली, की पेरे आणखी लांबतात. नळ्या साखळीवर टांगा, म्हणजे रोपाबरोबर त्या वर घेता येतील, आणि शेंड्यापासून वीतभर अंतर ठेवा. दिवसातून काही तास मंद पंख्याचा वारा लागू द्या, कारण हलणारे खोड आखूड व जाड होते. नत्रयुक्त खतही सध्या थांबवावे. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: रात्रीचे तापमान 24 अंशांच्या वर राहिले तर टोमॅटोची फळधारणा घटते, तेव्हा फुले गळाली तर दोष उंचीला देऊ नका.

उत्तर 3:
हाती असलेली रोपे टाकून देऊ नयेत. टोमॅटोच्या खोडाला मातीशी संपर्क येताच मुळे फुटतात, म्हणून खालची पाने काढून रोप खोल कुंडीत आडवे, शेंडा वर ठेवून पुरावे. मी होटगी रस्त्यावरच्या घरी अशीच लांबलेली रोपे वाचवली आहेत. हे काम संध्याकाळी करावे आणि त्याच दिवशी शेंडा खुडू नये, दोन्ही ताण एकदम रोपाला सोसत नाहीत. नवी पालवी दिसली, की मग कात्री घ्यावी.