ओपन की क्लोज्ड, आधी विचारून घ्या
ताई, भावासोबत तुम्हालाही अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ग्रुपच्या, मीटिंगला बसता येईल का असं विचारलंय तुम्ही, तर ओपन मीटिंग असेल तर बिनधास्त बसा, क्लोज्ड मात्र ज्यांना स्वतःची दारू सोडायचीय फक्त त्यांच्यासाठी असते, म्हणून अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या हेल्पलाइनला फोन करून तेवढं विचारा आणि वेळ, जागापण कन्फर्म करा कारण मीटिंगांची यादी कधीकधी जुनीच राहिलेली असते. फी वगैरे काही नाही. मध्येच देणगीचा डबा फिरतो, त्यात नवीन माणसानं काही टाकलं नाही तरी चालतं. आणि बोलायची पाळी आली तर "आज फक्त ऐकतो" एवढं म्हटलं तरी पुरे, हे भावाला आधीच सांगून ठेवा, निम्मं टेन्शन तिथंच जातं. एक ग्रुप नाही पटला तर दुसरा बघा, प्रत्येक ठिकाणचं वातावरण वेगळं असतं.

पण तो रोज भरपूर पीत असेल तर एका झटक्यात बंद करायला लावू नका प्लीज, फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं, आधी डॉक्टरला दाखवा. आणि घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगा वेगळ्या असतात, भाऊ अजून तयार नसला तरी तुम्ही एकट्या जाऊ शकता, जाच.